चपलेचा नवस

सुनेनं सासूचा पाय मांडीवर घेतला आणि सकाळचीच पट्टी पुन्हा सोडवायला सुरुवात केली. सासू गाडीच्या उघड्या मागच्या दारात पाय सोडून बसली होती, आणि सून खाली, रस्त्याच्या कडेला, एका पालथ्या खोक्यावर. गाडी दुकानाची, माल आणायची. त्यामुळे आत चपला-बुटांची रिकामी खोकी रचलेली आणि सगळीकडे नव्या रबराचा वास. देवळाचं शिखर समोरच्या झाडांमधून दिसत होतं. पण पट्टी ओली झालेली दिसली आणि सुनेनं नवऱ्याला इथंच गाडी थांबवायला लावली होती.

"देऊळ दोन हातांवर आलं आणि तुला पट्टी सुचली," सासू म्हणाली.

"देवापुढं अशी ओली पट्टी घेऊन जायचं का?"

"देवाला सगळं दिसतं. पट्टीच्या आतलंसुद्धा."

"मग त्यालाच सांगा बांधायला. मी बसते जरा सावलीत."

सासू हसली. सुनेचं तोंड तिखट आहे हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच तिला ती आवडायला लागली होती. मुळूमुळू रडणारी सून घरात आली असती तर हिनं तिला सहा महिन्यांत वेडी केली असती, असं हिचा मुलगाच म्हणायचा.

जखम अंगठ्याच्या खाली होती. आधी शर्टाच्या बटणाएवढी, आता कोटाच्या बटणाएवढी. साखरेच्या आजारानं म्हातारीच्या तळपायातली जाणीव गेली होती. काच घुसली तेव्हा तिला कळलंही नव्हतं. ती आपली स्वयंपाकघरातून देवघरात, देवघरातून अंगणात फिरत राहिली, आणि सुनेनं फरशीवरचे लाल ठसे बघितले तेव्हा कळलं. डॉक्टर फार बोलणारा नव्हता. त्यानं सुनेला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की ह्यांच्या पायात आजपासून चप्पल पाहिजे, घरातसुद्धा. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल.

सुनेनं मान डोलावली होती. चप्पल. एवढी सोपी गोष्ट, आणि तीही चपलांचं दुकान असलेल्या घरात.

कारण गंमत तीच होती. गावातलं जुनं, नावाजलेलं चपलांचं दुकान, सासऱ्यांनी थाटलेलं, मुलानं वाढवलेलं, आणि त्या घरची मालकीण अनवाणी. गिऱ्हाईकं सुरुवातीला थट्टा करायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, म्हणायची. पुढं थट्टा शिळी झाली आणि लोकांना सवय झाली. सुनेला मात्र सवय झाली नाही. ती रोज गल्ल्याशेजारी बसायची, गिऱ्हाईकाला पाट देऊन पाय ठेवायला सांगायची, माप घ्यायची. माणूस दुकानात शिरला की दुसरे तोंड बघतात, ही पाय बघायची. दिवसभर जगाचे पाय झाकायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन सासूच्या भेगाळलेल्या टाचा बघायच्या, असा तिचा दिवस संपायचा.

"झालं का?" पुढून नवऱ्यानं विचारलं. त्यानं तोवर गाडीची काच दोनदा पुसली होती. काही घडायचं असलं की तो काहीतरी पुसत बसायचा.

"होतंय. घाई करू नका."

"घाई मी कुठं करतोय? पुजारी दुपारी दार लावतो, म्हणून म्हटलं."

"लावू दे," सासू म्हणाली. "मागच्या वेळी आम्ही आलो तेव्हाही लावलं होतं, उघडेपर्यंत बसून राहिलो. त्या वळणावर बसचं चाक फुटलं, हे काय, हेच वळण. आणि ती आपल्या गल्लीतली, कोपऱ्यावरच्या घरातली लठ्ठी, तिच्याजवळ तांब्याभर पाणी होतं. कुणाला विचारलं नाही. पाठ फिरवून एकटी प्यायली."

"आई, नऊ-दहा वर्षं झाली त्याला," मुलगा म्हणाला.

"म्हणून काय झालं? पाणी प्यायली ते प्यायलीच ना?"

"हिच्या डोक्यात गोदाम आहे," मुलगा बायकोकडं बघून म्हणाला. "आत गेलेला माल बाहेर निघत नाही."

सून हसली नाही. पट्टीची गाठ मारताना तिचं लक्ष त्या एकाच शब्दात अडकलं होतं. मागच्या वेळी.

त्या मागच्या वेळी सासू शेजारणींबरोबर ह्या देवाला आली होती आणि संध्याकाळी घरी परतली ती चपला पिशवीत घालून. सुनेनं दार उघडलं. तिला वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल.

"तुटली का?"

"नाही. सोडली."

"कशासाठी?"

"नवस बोलून दाखवला की फळत नाही," एवढं बोलून सासू पाय धुवायला निघून गेली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात सून आणि तिचा नवरा मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद मिटून ठेवले होते आणि फार मायेनं सांगितलं होतं की मूल होण्यासाठी आता आणखी काही करण्यासारखं उरलेलं नाही, उगाच शरीराचे हाल करू नका. घरी येऊन नवऱ्यानं आईला ते दोन वाक्यांत सांगितलं. सासूनं सुनेच्या पुढ्यात चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिली. आणि आठवड्यानं चपला पिशवीत घालून आली. हे कशासाठी, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्यानंतर सासूनं कधी मुलाबाळाचा विषय काढला नाही. बारशाचं आमंत्रण आलं तर सुनेसमोर वाचलं नाही. टोमणा नाही, सुस्कारा नाही. सुनेला वाटायचं, एक वेळ टोमणा परवडला. टोमण्याला उत्तर देता येतं, आणि उत्तर द्यायला तर ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण उन्हानं तापलेल्या अंगणात म्हातारी चटचट पाय उचलत कपडे वाळत घालायची, त्याला काय उत्तर द्यायचं? प्रत्येक पाऊल आपल्या नावानं पडतंय असं तिला वाटायचं. तिनं नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही. नवऱ्यानं कधी विचारलं नाही.

आणि आता हा अंगठा. म्हातारीला चप्पल घाला म्हटलं तर ती म्हणाली, देवाला शब्द दिलाय, गेला अंगठा तर गेला, अजून नऊ आहेत. शेवटी नवऱ्यानं देवळातल्या पुजाऱ्याचा फोन मिळवला. पुजारी म्हणाला, नवस सोडवता येतो, त्यात अवघड काही नाही. मात्र ज्यानं बोलला त्यानं स्वतः यायचं, काय मागितलं होतं ते देवापुढं मोठ्यानं सांगायचं, आणि ते मिळालेलं असायला हवं. मिळालं नसेल तर? नवऱ्यानं विचारलं होतं. तर आम्ही कोण मध्ये पडणार, पुजारी म्हणाला होता.

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं बराच वेळ बायकोकडं बघितलं नाही.

"जाऊन तर बघू," तिनंच म्हटलं होतं. म्हातारीला राजी करायलाही तिलाच बोलावं लागलं होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. काय ते एकदा बोललं जाऊ दे, सगळ्यांसमोर जाऊ दे, पण म्हातारीचा पाय वाचू दे.

देवळाच्या दाराशी चपलांचा ढीग होता. नवऱ्यानं आणि सुनेनं आपापल्या चपला काढल्या. सासूला काढायला काही नव्हतं. ती ढिगाकडं बघून म्हणाली, "इथं बरं वाटतं बघ. सगळे माझ्यासारखे."

नवऱ्याच्या काखेत एक खोकं होतं. त्यात नवी चप्पल होती. मऊ तळव्याची, रुंद, टाचेमागून पट्टा असलेली. सुनेनं ती मुद्दाम करवून घेतली होती. माप घेताना सासूला संशय येऊ नये म्हणून पट्टी बदलताना पायाखाली खोक्याचं झाकण सरकवून पेन्सिल फिरवली होती. सासूला ते कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. ती छताकडं बघत होती.

देऊळ जुनं होतं, काळ्या दगडाचं, बुटकं. आत शिरताना उंच माणसाला वाकावंच लागायचं. मंडपातले खांब माणसांच्या उंचीपर्यंत गुळगुळीत झालेले, आणि त्याच्यावर खरबरीत. बाहेर ऊन रणरणत होतं, पण फरशी गार होती. भिंतीला टेकून दहा-पंधरा माणसं बसली होती. कुणी दर्शनाला आलेलं, कुणी नुसतंच गारव्याला.

पुजाऱ्याला सर्दी झाली होती. त्याचा आवाज मुळातच दांडगा असणार, त्यात नाक चोंदलेलं. तो बोलला की देवळाच्या चारही भिंती बोलल्यासारख्या वाटायच्या. त्याच्यापुढं एक जोडपं उभं होतं.

"ह्या बाईनं बोललं होतं," पुजारी देवाकडं तोंड करून गरजला, "की नवऱ्याची दारू सुटू दे, सुटेपर्यंत केसाला तेल लावणार नाही. सुटली का हो?"

"सुटली," बाई म्हणाली.

"सुटली का?" त्यानं नवऱ्याला विचारलं.

भिंतीशी बसलेली सगळी मंडळी नवऱ्याकडं बघायला लागली. तो बिचारा वर छताकडं बघत पुटपुटला, "हो. सुटली."

"मग हिला मोकळी कर रे बाबा," पुजारी देवाला म्हणाला, आणि त्यानं बाईच्या डोक्यावर तेलाचा थेंब टेकवला. लोक हसले, बाईही हसली. नवरा घाम पुसत बाहेर गेला.

सुनेनं मनात पुढचं सगळं ऐकलं. असंच होणार. ह्याच आवाजात. सुनेला मूल होऊ दे, होईपर्यंत चप्पल घालणार नाही. झालं का हो? आणि ही पंधरा माणसं मान वळवून बघणार. बघू देत. तिनं वाक्य तयार करून ठेवलं होतं आणि रात्रभर घोकलं होतं. नाही झालं, होणारही नाही, त्यात ह्यांचा दोष नाही, ह्यांना सोडा. रडू न येता ते शेवटपर्यंत म्हणता आलं पाहिजे, एवढीच तिची देवाकडं मागणी होती.

"तू बस इथंच," नवरा हळूच म्हणाला. "आईला मी नेतो पुढं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो खांबाकडं बघत होता आणि खोक्याचं झाकण बोटानं पुसत होता. म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं. एवढी वर्षं एका घरात, एका पांघरुणाखाली, दोघंही मूग गिळून बसले होते.

"नको," ती म्हणाली. "त्यांना माझ्या हाताची सवय आहे."

तिनं सासूच्या दंडाखाली हात घातला आणि गाभाऱ्यापुढची उंच पायरी तिला चढवली. सासू जड नव्हती, पण त्या क्षणी फार जड लागली. तिची नजर पुढं, देवावर. आतल्या अंधारात देव म्हणजे एक शेंदरी गोळा आणि दोन चांदीचे डोळे. नवस इथंच बोलला होता. ह्याच जागी उभी राहून ही बाई माझ्यासाठी पदर पसरून उभी होती, सुनेच्या मनात आलं, आणि तिचा तयार करून ठेवलेला धीर तिथंच निम्मा झाला.

"बोला आजी," पुजारी नाक पुसत म्हणाला. "काय सोडलं होतं?"

"चप्पल."

"कधी?"

"झाली असतील नऊ-दहा वर्षं."

पुजाऱ्यानं पहिल्यांदा तिच्या पायांकडं नीट बघितलं. "बरं. कशासाठी?"

सासू देवाकडं बघत राहिली. सुनेला आपल्या हातातला तिचा दंड जाणवत होता. मागं कुणीतरी खोकलं. पुजारी थांबला होता.

"आठवत नाही," सासू म्हणाली.

"काय?"

"आठवत नाही म्हटलं. कशासाठी सोडली ते आठवत नाही."

सुनेनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. सासूचा चेहरा अगदी साधा होता. भाजी आणायची राहिली, हे सांगतानाचा.

"आई," नवरा मागून पुढं आला, "काय बोलतेस तू?"

"अरे, आठवत नाही म्हणजे नाही. वय झालं माझं."

वय झालं हे शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. दुसरा कुणी म्हणाला तर ती त्याच्याशी भांडायची.

पुजाऱ्याचं गाडं मात्र अडलं. "असं कसं आजी? अहो, माझे वडील इथं होते, आजोबा होते. नवस विसरलो म्हणून कुणी आलं नाही. बसा त्या खांबाशी जरा. आठवेल सावकाश."

"एवढ्या वर्षांत नाही आठवलं, ते खांबाशी बसून आठवणार आहे का?"

"मग मी देवाला सांगू काय?"

"आहे ते सांगा. म्हणावं, बाई विसरली."

भिंतीशी बसलेल्यांत खसखस पिकली. पुजाऱ्यालाही हसू आलं, पण त्यानं ते शिंकेत घालवलं. "तसं नसतं हो. मिळालं की नाही ते कळायला हवं. मिळालं असेल तरच सुटतो."

"मिळालं."

"काय मागितलं ते आठवत नाही, आणि मिळालं हे कसं कळलं?"

"कसं म्हणजे?" सासू थोडी चिडली. "मुलगा आहे, हा काय उभा आहे. दुकान चालतंय. सून आहे. ही बघा, सकाळपासून दोनदा पट्टी बदलली माझी. दोन वेळा गरम जेवते, रात्री झोप लागते. मागायचं काही राहिलंय असं मला वाटत नाही. म्हणजे मिळालंच असणार की."

पुजारी विचारात पडला. त्यानं देवाकडं बघितलं, मग म्हातारीकडं. "तेही खरंच म्हणा," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "न मिळालेलं माणूस विसरत नाही."

हे वाक्य सुनेच्या काळजात रुतलं.

"पण पुढंमागं चूक निघाली तर, आजी?"

"तर माझ्या माथी. देवाचं नि माझं मी बघून घेईन. तुम्ही तुमचं काम करा, तुम्हालाही जेवायला जायचंय."

पुजाऱ्यानं हात जोडले, घसा साफ केला आणि भिंती दणाणतील अशा आवाजात म्हणाला, "ह्या बाईनं तुझ्याकडं काहीतरी मागितलं होतं. काय ते ती विसरली. तिचं म्हणणं, मिळालं. तुला ठाऊक आणि तिला ठाऊक. हिला मोकळी कर रे बाबा."

त्यानं तांब्यातलं पाणी सासूच्या पावलांवर शिंपडलं, पट्टी चुकवून, अगदी बेतानं. झालं, एवढंच. मागं, पुढच्या नंबराची माणसं उठून उभी राहिली. सुनेनं घोकलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं आणि त्याची आता कुणाला गरज उरली नव्हती.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते सुनेला तेव्हा कळलं. पायरी उतरताना सासूला तिनं धरलं होतं की सासूनं तिला, हे सांगता आलं नसतं. खांबाशी आल्यावर ती थांबली, दगडाला पाठ टेकली आणि उगाचच पदर नीट करत राहिली. पाय वाचला. आणि कुणी तिच्याकडं मान वळवून बघितलं नव्हतं.

नवऱ्याला तर हसू आवरत नव्हतं. बाहेर उन्हात आल्यावर तो आधी हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. "नऊ वर्षं," तो दाराशी बसलेल्या फुलवाल्याला सांगायला लागला, "नऊ वर्षं अनवाणी हिंडली, चपलांचं दुकान असून. आणि कशासाठी ते विसरली. आहे का नाही?"

"असतात अशी माणसं," फुलवाला म्हणाला.

"गाडी इकडं आण," सासू म्हणाली. "का आता चालत नेणार आहेस?"

तो खोकं बायकोच्या हातात देऊन गाडी आणायला गेला. जाताना त्याची चाल पोरासारखी झाली होती.

सासू बाहेरच्या ओट्यावर बसली. सून तिच्यापुढं पायरीवर बसली आणि तिनं खोकं उघडलं.

"हा कसला रंग?" सासू म्हणाली. "मातीत पडली तर सापडायची नाही."

"मातीत कशाला पडेल? पायात असेल."

"लाल नव्हती का?"

"असली चप्पल लाल नाही करत कुणी. डावा द्या आधी."

सासूनं डावा पाय पुढं केला. सुनेनं तो हातात घेतला, ओलावा पदरानं टिपला. इतक्या वर्षांत कोरडा, कठीण झालेला तळवा. हा पाय चपलेत शिरेल की नाही, अशी तिला भीती होती. शिरला. पुढं किंचित जागा उरली, जखमेला लागणार नाही एवढी. तिनं पट्टा ओढला आणि मग तिचा हात थांबला.

वळणावर फुटलेलं चाक आठवतं. लठ्ठीचं पाणी आठवतं. लग्नात सुनेच्या मावशीनं किती टाके उसवलेलं लुगडं आहेर म्हणून दिलं, तेही आठवतं, दर दोन महिन्यांनी आठवतं. आणि ज्या गोष्टीसाठी पायाला भेगा पाडून घेतल्या, ती तेवढी आठवत नाही. नवरा भोळा होता, त्याचं जाऊ दे. ती काही भोळी नव्हती.

"आई," तिनं वर न बघता विचारलं, "खरंच आठवत नाही?"

"तुला काय वाटतं, देवापुढं उभी राहून खोटं बोलेन मी?"

सुनेनं पट्टा बकलात अडकवला. एक बाई लेकराला काखोटीला मारून पायऱ्या चढून गेली. लेकरू रडत होतं. ते आत गेल्यावर रडणं घुमायला लागलं आणि मग थांबलं.

सासूनं आपणहून उजवा पाय पुढं केला. पट्टीवरून चप्पल चढवायला सुनेला थोडा वेळ लागला. ती खाली वाकली होती, त्यामुळे सासूचा चेहरा तिला दिसत नव्हता. वरून आवाज तेवढा आला, भाजीचा भाव सांगावा तसा.

"मूलबाळ व्हावं म्हणून वगैरे नव्हतं हं ते."

सुनेचे हात पट्ट्यावर तसेच राहिले.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू काही म्हणत नाहीस. कधीच म्हणाली नाहीस. म्हणून आपलं सांगून ठेवते. कशासाठी होतं ते नाही आठवत. पण त्यासाठी नव्हतं, तेवढं मला पक्कं आठवतंय."

सुनेला मान वर करता येईना. तिनं पट्टा बकलातून काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. डोळ्यांतलं पाणी पट्टीवर पडू नये म्हणून तिनं तोंड जरा बाजूला केलं. सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवावा तसा ठेवला आणि उठायची घाई केली नाही.

"घट्ट होतंय का?" सुनेनं विचारलं.

"नाही गं," सासू म्हणाली. "आता बरोबर आहे."